बारा वाजून पाच मिनिटांनी

विहीर एक. मोहाची झाडं सात. बैल चार, कुत्रा एक. धानाच्या बांध्या अकरा, सगळ्या कोरड्या. शेणाने सारवलेलं खळं एक, आरपार नऊ मीटर. माणसं तीन, मला धरून.

ही मोजणी माझ्या वहीत आहे. तारीख, १८ मे १९८४. पुढचं सगळंही त्याच वहीत आहे. रचून लिहिणं मला जमत नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि आम्ही तिघांनी पाहिलं.

एटापल्लीहून बैलगाडीने दोन तास आत, डोंगरांमधली एक दरी. तिथे देवाजीभाऊंचं शेत. ते मूल गावात माझ्या बाबांबरोबर शिक्षक होते. नोकरी सोडून इथे युरियाशिवाय धान पिकवायचे. उन्हाळ्यात ओळखीचे पाहुणे राहायला यायचे. त्या आठवड्यात मी एकटीच होते. नुकतीच बी.एस्सी. झाले होते, फिजिक्स घेऊन.

घरात एका गोष्टीविषयी कोणी बोलत नव्हतं. बाबांनी मला आधीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, देवाजीभाऊंची सहा वर्षांची मुलगी सुगंधा खळ्यावर एका पायावर उड्या मारत बिल्लस खेळत होती. तिची आई, बायनाबाई, पाणी आणायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा...

खळं रिकामं होतं.

पंधरा दिवस जंगल धुंडाळलं. रक्त नाही, कपडा नाही, पाऊलही नाही.

मी खळ्याच्या मधोमध एक मीटरची काठी रोवली होती. रोज दुपारी तिची सावली मोजायची. चौदा तारखेला पावणेदोन सेंटिमीटर. सोळाला एकापेक्षाही कमी. अठराला सूर्य बरोबर डोक्यावर येणार, सावली उरणारच नाही. वेळही काढली होती... बारा वाजून पाच मिनिटं.

हे मी जेवताना सांगितलं. बायनाबाईंचा हात ताटातच थांबला.

"कोणत्या दिवशी म्हनलंस, पोरी?"

मी तारीख पुन्हा सांगितली. देवाजीभाऊ चिडले. तिच्या डोक्यात नवीन काही भरवू नको म्हणाले. यंदा सुगंधाचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, करून घ्यायचं आणि शेत सोडून मूलला परत जायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. बाई ऐकत नव्हत्या. जिवंत पोरीचं कोणी पुण्यानुमोदन करतं का, एवढंच म्हणायच्या.

अठराला आम्ही तिघं खळ्याच्या कडेला उभे राहिलो.

बारा वाजता मोहाच्या झाडांवर होले घुमत होते. बारा वाजून तीन मिनिटं झाली...

होले थांबले.

कुत्रा उठला. आमच्याकडे न बघता विहिरीमागे निघून गेला.

काठीची सावली काठीत शिरली. माझी सावली माझ्या पायाखाली गेली. खळ्यावर कशाचीच सावली उरली नाही.

मग आवाज आला. थप... थप... थप-थप.

एका पायावर उड्या मारल्यासारखा. मग तोही थांबला.

आणि खळ्यावर, काठीपासून दोन हातांवर...

एक सावली पडलेली होती.

दोन वेण्या. फ्रॉकचा घेर. वर कोणीच नव्हतं. मी चारही बाजूंनी पाहिलं. ना झाड, ना पक्षी, ना ढग.

बायनाबाई ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "ते रोजच येते. आपल्या सावल्यांत तिची दिसत नाई. मागच्या साली एक डाव दिसली होती, पन दिवस मले समजला नव्हता."

देवाजीभाऊ माझ्याकडे वळले.

"मी बुद्ध मानतो, भूत मानत नाई," ते मला म्हणाले. "म्हनूनच सांगतो, टेप लाव. मोज."

मी राखेने दोन खुणा केल्या, डोक्याशी एक, पायांशी एक. त्या जमिनीने पायाला चटके बसत होते. पण सावलीवर हात गेला तेव्हा...

जमीन गार होती. विहिरीच्या आतल्या दगडासारखी.

एकशे अठरा सेंटिमीटर.

मी मान वर केली, तोवर सावली नव्हती. काठीची बारीक रेघ परत आली होती. होले पुन्हा घुमू लागले.

दाराच्या चौकटीवर सुगंधाच्या उंचीची खूण होती, हरवायच्या आदल्या दिवशीची. मी तीही मोजली. एकशे सात.

"अकरानं वाढली माही पोरगी," बायनाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. मला त्या हसण्याकडे बघवलं नाही.

देवाजीभाऊ म्हणाले, खूण चुकली असेल. रात्रभर दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. सकाळी गाडी जुंपताना त्यांनी मला निर्णय सांगितला.

"पुढच्या साली ये. हाच दिवस, हाच टेप. एकशे अठराच भरली तर मी पुण्यानुमोदन करीन आन हिले घेऊन मूलले जाईन. मेलेलं मानूस वाढत नाई, एवढं सायन्स मले समजते."

"आन वाढली असंन तं?" बाईंनी विचारलं.

भाऊंनी बैलांना हाकललं.

वर्षभर मी नागपुरात भर बाराला अंगण ओलांडलं नाही. अजूनही ओलांडत नाही. जमिनीकडे बघत चालायची सवय लागली आहे, आणि खाली आपल्यापेक्षा जास्त सावल्या तर नाहीत ना, हे मोजायचीही.

१८ मे १९८५. आकाश निरभ्र. होले थांबले, आवाज आला, सावली पडली.

या वेळी टेपचं एक टोक देवाजीभाऊंनी धरलं. पायांकडचं. बायनाबाई आमच्या मधे उकिडव्या बसल्या होत्या, डोळे मिटून.

"वाच," भाऊ म्हणाले.

मी दोनदा बघितलं आणि वाचलं.

एकशे तेवीस सेंटिमीटर, पाच मिलिमीटर.