फाट्यावरची शिडी

लाकूड आत सार रे प्रमोद. हळद शिजायला अजून लई वेळ हाय अन् तुमाला आत्ताच झोप येऊन राहिली. मग ऐका. आपल्या गोरेगावचा बालाजी फ्लेक्सवाला माहीत हाय ना? त्याची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, ‘संतरामकाका, तुमीच ऐका, बाकीचे हसतात’ म्हणून. कोमल, तू आत्ताच हसू नको बाई. भूत मलाबी पटत नव्हतं.

गेल्या पोळ्याची कर होती, सणाचा दुसरा दिवस, मंगळवारची रात्र. बालाजी जेवून निघाला. काम साधं. फाट्यावरच्या लोखंडी खांबाला एक फ्लेक्स बांधायचा अन् घरी येऊन झोपायचं. फ्लेक्स श्रद्धांजलीचा होता. पुढाऱ्याचा फोटो दरवाज्याएवढा, हात जोडलेला. अन् ज्याला श्रद्धांजली, तो प्रज्ञेश खाली कोपऱ्यात, वाटीएवढ्या गोलात.

प्रज्ञेश म्हंजे भिकाबाईचं एकुलतं पोरगं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. पोरांचं वसतिगृह बंद केलं म्हणून ही पोरं फाट्यावर रस्ता अडवून बसली. पोलिस आले, लाठ्या चालल्या, अन् प्रज्ञेश गेला. पोलिस म्हणाले, पोरानं दगड उगारला, मग पळताना पडला, डोकं आपटलं. इलेक्शन तोंडावर, त्यामुळं पुढाऱ्यांची रीघ लागली. एक भिकाबाईच्या दारात रडून गेला, दुसऱ्यानं मोर्चा काढला, फोटो सगळ्यांनी काढले. आठवलं की अजून तिडीक जाते डोक्यात.

चौकशीला साहेब आले. हिंगोलीत जबान्या सुरू झाल्या. भिकाबाई दारोदार फिरली. ‘कोणी एकानं तरी सांगा बाप्पा, माझ्या लेकराच्या हातात दगड नव्हता.’ सगळे खाली मान घालून बसायचे. बालाजीनंबी घातली.

अन् बालाजीनं तर पाहिलं होतं! त्या दिवशी तो त्याच खांबावर शिडी लावून जुना फ्लेक्स सोडून राहिला होता. वरून सगळं दिसलं त्याला. पोरगं रस्त्यावर मांडी घालून बसलेलं, दोन्ही हात डोक्यावर. ‘सर, बसलो ना मी, बसलो ना,’ म्हणत होतं. काठी थांबली न्हाई. पण संध्याकाळी, ज्याचा हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स, त्याच पुढाऱ्याचा माणूस आला अन् म्हणाला, ‘बालाजी, तू वर होता. तुला खालचं काय दिसणार? बराबर?’ बालाजी म्हणाला, बराबर. काय करणार, त्याचं पोट पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर. अन् जबानीचा शेवटचा दिवस होता ह्या करीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी.

तर त्या रात्री त्याचा जोडीदार थावरा ऐनवेळी अडला. ‘रात्रीचं फाट्यावर? मी येत न्हाई.’ बालाजी एकटाच गेला. तिथल्या टपरीमागची बांबूची शिडी काढली, खांबाला लावली, चढला. खाली धरायला कोणी न्हाई. फाट्यावर माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. एक कोपरा तारेनं बांधला. दुसऱ्याला हात घातला अन् वारा सुटला. फ्लेक्स फुगला. शिडी हलायला लागली. बूड सरकलं.

अन् थांबलं.

शिडी एकदम घट्ट. कोणी खालून धरावी तशी.

‘थावरा, आला का रे?’

‘धरली काका. तुमी बांधा.’

बालाजीला बरं वाटलं. त्यानं तार आवळली. पक्कड फिरवली. मग ध्यानात आलं. थावरा त्याच्याच वयाचा. तो त्याला बाल्या म्हणतो. काका न्हाई.

हात थांबले.

मग खालून...

‘काका...’

बालाजीनं खांब घट्ट धरला.

‘वरून सगळं दिसते ना, काका?’

त्यानं खाली पाहिलं. रस्त्यावर पोरगं बसलेलं. मांडी घालून. दोन्ही हात डोक्यावर.

दोन्ही हात... डोक्यावर.

मग शिडी...

कोमल, सरक इकडं. जाळाजवळ बस.

बालाजी रातभर खांबाला मिठी मारून वरच राहिला. डोळे मिटलेले. शिडी हलली न्हाई. उजाडताना दुधाची गाडी आली, तवा उतरला. खाली कोणी नव्हतं. तो घरी गेला न्हाई, पहिल्या जीपनं थेट हिंगोली. साहेबांपुढं उभा राहून बोलला, ‘हात डोक्यावर होते त्याचे. दगड नव्हता. मी वरून पाहिलं.’ बाहेर ओसरीत भिकाबाई बसली होती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् दोघंबी हमसून हमसून रडली.

पुढं काय? बालाजीचं काम बंद झालं. पुढारी निवडून आला. पोलिसांची बदली झाली, बस. चौकशीचं काय झालं, विचारलं तर कोणी सांगत न्हाई.

पण त्या बुधवारी संध्याकाळी बालाजी अन् थावरा शिडी आणायला गेले. शिडी निघेना. दोघांनी जोर लावला. मग दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढली, तर दोर तुटला. भिकाबाईला कळलं, ती आली. ‘आमी बुद्धाची माणसं, आमच्यात भूत मानत न्हाई,’ म्हणाली. मग बांबूवर हात फिरवत लई वेळ उभी राहिली. जाताना एवढंच बोलली, ‘राहू द्या. त्याला ओढू नका.’

तवापासून शिडी तिथंच हाय. फ्लेक्स कधीच फाटून गेला. वारा आला की खांब करकरतो, टपरीचे पत्रे वाजतात, शिडी हलत न्हाई. उद्या कॉलेजला जाताना जीपमधून उतर अन् जवळ जाऊन बघ, कोमल. थंडी असो का ऊन, छातीएवढ्या उंचीवर, दोन्ही अंगाचा बांबू घामानं ओला असतो. तेवढाच. बाकी शिडी कोरडी.