लाल ठिपक्याचं कुलूप

दार लावून घ्या, मग सांगतो. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. खोटं वाटलं तर उद्या त्याचा उजवा हात बघून या. म्हणजे, उरलाय तेवढा.

अठरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री दोन वाजता साडू वीजघरातल्या दोन नंबरच्या यंत्राची पाती तपासायला शीळ घालत निघाला. धरणाचं पाणी नळातून खाली कोसळतं, पात्यांचं चाक फिरवतं, चाक जनित्राला फिरवतं, की झाली वीज. ना कोळसा, ना धूर. चार गावं बुडाली त्यापायी, पण ती आता दिसतात कुणाला?

चाकापाशी उतरणाऱ्याने आधी पाण्याच्या झडपेला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. तो बाहेर येईस्तोवर पाणी सोडता येत नाही. वर्षापूर्वी एक फिटर असाच उतरला होता. ओळखू यावं म्हणून त्याच्या आईने कुलपावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तेवढ्यात शहरात अंधार झाला. यंत्र चालू करा म्हणून वरून फोनवर फोन. पाळीचा साहेब साडूच. त्याला वाटलं, हा बाबा कुलूप विसरून जेवायला गेला. त्याने ते कापलं आणि झडप उघडली...

फिटरचे तुकडे नदीत सापडले. साडूने कापलेलं कुलूपही नदीतच फेकलं. चौकशीत म्हणाला, "त्याने कुलूप लावलंच नव्हतं." आई ऊर बडवत राहिली, "माझा लेक एवढा बेअक्कल नव्हता हो!" तिचं कोण ऐकतो?

ए, हसू नकोस. पुढचं ऐक.

तर त्या गुरुवारी रात्री साडूने आपलं कुलूप लावलं. खाली उतरला. पात्यावर हात ठेवला.

वर झडप करकरली.

"कोण आहे रे?"

...

पाणी घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. चाक हललं. हात कोपरापर्यंत आत ओढला गेला. हाड मोडलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

चाक थांबलं. अगदी कानाशी कुणीतरी शांतपणे विचारलं, "साहेब, कुलूप होतं का?"

"नव्हतं..."

चाक फिरलं. हात तुटला. पाणी रक्ताने लाल. छातीपर्यंत...

"होतं रे! होतं! मीच कापलं!"

पाणी थांबलं.

किंकाळ्या ऐकून पहारेकऱ्यांनी त्याला वर ओढलं. शुद्धीवर येताच त्याने आधी फिटरच्या आईला बोलावून घेतलं आणि सगळं कबूल केलं.  

झडप मात्र घट्ट बंदच होती. साडूचं कुलूप जागेवर, किल्ली त्याच्या खिशात.

आणि शेजारी दुसरं कुलूप. अख्खं. ओलं.

त्याच्यावर लाल ठिपका.