उजव्या पंखावरची चांदी

टाउन्सव्हिलच्या डेस हॅनरहनने शनिवारी सकाळी विमानावरचं मीठ काढायला घेतलं. विमानाच्या छोट्या प्रतिकृतीला आधी चांदीचा रंग, त्यावर ओल्या मिठाचे कण, वरून हिरवा; वाळला की मीठ चोळून काढायचं. मीठ होतं तिथली चांदी उघडी पडते आणि हातभर लांबीचं खेळणं युद्धातून आल्यासारखं झिजलेलं दिसतं. या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. नियम एकच: खऱ्या विमानाच्या फोटोत जो नाही, तो ओरखडा विमानावर नाही.

यावेळचा फोटो म्हाताऱ्या मर्लबाईंनी दिलेला. त्यांचा भाऊ रॉय महायुद्धात याच किटीहॉक लढाऊ विमानातून उडाला होता आणि न्यू गिनीच्या समुद्रावरून परतला नव्हता. वैमानिक चढायचे ते डावीकडून, म्हणून डेसने मीठ डाव्या पंखाच्या मुळाशीच लावलं होतं.

चांदी मात्र उजवीकडेही निघाली. तांदळाच्या दाण्याएवढे बुटांचे ठसे, कॉकपिटकडे जाणारे.

डेसने त्यावर हिरवा रंग मारला. जेवून येतो तर ठसे पुन्हा वर! परत मारला. संध्याकाळी शेडचं दार उघडलं, तर आत भरतीच्या पाण्याचा खारट, कुबट वास कोंडला होता... ठसे तिथेच होते. बोट लावलं तर ओले.

रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये प्रतिकृतींची स्पर्धा होती. दरवर्षी हुकलेला कप यंदा डेसला हवाच होता. परीक्षक कीथ विमानावर वाकला आणि खो खो हसला.

"डेस, उजवीकडून कोण चढायचं रे? तुझी आजी? हा घे ब्रश. निकालाला वेळ आहे, झाकून टाक, कप तुझाच!"

डेसने ब्रश घेतला. तेवढ्यात मागून मर्लबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे... तुला कोणी सांगितलं?"

"काय, मर्लबाई?"

"रॉयचा डावा गुडघा वाकायचा नाही. कोणी बघत नसलं की तो उजवीकडून चढायचा... डॉक्टरांना कळलं असतं तर उडू दिलं नसतं. फक्त मला सांगितलं होतं त्याने."

डेसने ब्रश परत केला. "ठेव खिशात, कीथ. माझ्या विमानावर खोटा ओरखडा नसतो, आणि खरा मी झाकत नाही."

कप एका चकचकीत स्पिटफायर विमानाने नेला. डेसला त्याचं काही वाटलं नाही. असं विमान आपल्या हातून झालं, या अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता.

हॉलमधली गर्दी पांगल्यावर तो विमान उचलायला गेला. त्याने पक्कं चिकटवलेलं कॉकपिटचं झाकण मागे सरकलेलं होतं. पंखावर नवे ठसे होते, बाहेर येणारे. टेबलक्लॉथवर कडेपर्यंत खाऱ्या पाण्याचे थेंब होते. खाली फरशीवर मात्र ओले ठसे माणसाच्या बुटाएवढे होते, डावा पाय ओढल्यासारखे... ते भिंतीलगतच्या बाकापर्यंत गेले होते.

बाकावर मर्लबाई बसल्या होत्या. पर्स मांडीवर घेऊन त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणाल्या,

"सावकाश बस. गुडघा सांभाळ."