एकाच्या वरचा आकडा

लॅब उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तो आधीच तिच्या टेबलापाशी! चोरासारखा वाकून पाण्याचा दाब मोजायच्या तिच्या मॅनोमीटरच्या नळीवरची छोटी चावी फिरवत होता.

"सापडलास!" ती दारातूनच ओरडली.

वर्गात प्रत्येकाला मापून बघणाऱ्या तिला 'फूटपट्टी' म्हणत, आणि बाहीवर कायम पाण्याचे शिंतोडे मिरवणाऱ्या त्याला 'थेंब्या'. त्याचा पंपाचा प्रयोग शेजारच्या टेबलावर. मग याचं इथे काय काम? तिचा प्रयोग दोनदा चुकला होता. प्रत्यक्ष वाहिलेल्या पाण्याला हिशोबातल्या पाण्याने भागून येणारा गुणांक एकाच्या आत हवा; तिचा आला होता एक पूर्णांक चार शतांश! "एकाच्या वर? जादाचं पाणी काय नळीत जन्माला आलं?" म्हणत सरांनी वही परत केली होती. आज शेवटची संधी. आजही चुकला, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे नक्की. ताई म्हणायची, "तुला तर भिंतीवरच्या घड्याळाचाही संशय." म्हणू दे.

"हवा काढतोय," तो म्हणाला. "नळीत बुडबुडा राहिला की रीडिंग चुकतं. रोज काढतो."

"रोज? मग माझं उत्तर चुकतं कसं?"

"सांगू? रागावशील…"

"आधीच रागावलेय."

"टाकीतलं पाणी शून्याच्या खुणेवर आलं, की स्टॉपवॉच दाबायचं. तेव्हा तू… माझ्याकडे बघत असतेस. दाबेपर्यंत पाणी बोटभर वर गेलेलं असतं. वेळ कमी भरतो, म्हणून पाणी जास्त वाटतं."

तिचे कान तापले. "बघत नव्हते — पाळत ठेवत होते!"

"तेच ते."

"मुळीच नाही! माझ्या मागे उभा राहा. दिसू नकोस. आणि हात वर."

तो निमूटपणे हात वर करून उभा राहिला. तिने व्हॉल्व्ह उघडला, नजर खुणेवर रोवली. मागे तो श्वाससुद्धा जपून घेत होता, हे तिला नको तितकं ऐकू येत होतं.

शून्य पूर्णांक सत्त्याण्णव शतांश! सरांनी सही केली, त्याच्या वर केलेल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेले.

"झालं," तो म्हणाला. "आता तू या टेबलावर येणार नाहीस."

"मग हवा कशाला काढलीस? चुकू द्यायचं ना!"

"तुझं वर्ष बुडालं असतं…" तो अडखळला. "आवडतेस तू मला. म्हणून."

तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. संशय घ्यायला काही म्हणता काही सापडेना, आणि त्याचा तिला फार आनंद झाला. तिने स्टॉपवॉच त्याच्या ओल्या हातात ठेवलं.

"पुढच्या प्रयोगाला आपली जोडी. घड्याळ तू धर. माझं… लक्ष नसतं."