धाकटीच्या चौकटीतल्या चिठ्ठ्या

"धाकटीच्या एकोणीस! आणि तुझ्या किती गं?" लंबूने मुद्दाम विचारलं.

"दोन," थोरली धुसफुसली. "त्यातली एक तुझी. तीही मी डोळे वटारल्यावर लिहिलेली!"

सुट्टीतल्या फ्रेंच वर्गाच्या बाईंचा नियमच तसा होता. कोणी काही चांगलं केलं, की त्याचं कौतुक फ्रेंचमध्ये लिहायचं, चिठ्ठीमागे त्याचं नाव घालायचं आणि ती पेटीत टाकायची. वाचनालयाचे कारकूनकाका त्या चिठ्ठ्या फळ्यावर ज्याच्या त्याच्या चौकटीत टाचत. शनिवारी सर्वाधिक चिठ्ठ्या ज्याच्या, तो परदेशी पाहुण्यांसमोर भाषण करणार! थोरलीने ते भाषण पंधरा दिवस आरशासमोर घोकलं होतं. आणि पुढे कोण? तिचीच सख्खी धाकटी बहीण!

"स्वतःच लिहिते लबाड!"

"मी नाही गं ताई!" धाकटी रडवेली झाली.

थोरलीने शब्दकोश काढला आणि ती धाकटीच्या चिठ्ठ्या वाचायला लागली. "'तुझ्या उंच उडीचा अभिमान वाटतो.' हिच्या? ही पायरीवर अडखळते!"

"'किती सुरेख जहाज काढलंस!'" लंबू खो खो हसला. "हिने गाय काढली तर टेबल दिसतं!"

थोरलीने टाचणी काढून उडीची चिठ्ठी उलटली. मागे नाव लंबूचं!

"म्हणजे टाचणाराच चुकतोय," ती पुटपुटली. "थांबा, पकडूच!"

तिने एक चिठ्ठी लिहिली. पुढे फ्रेंच आणि मागे ठळक मराठीत 'कारकूनकाका'. मग तिघं कपाटाआड दबा धरून बसली. काका आले, पेटी उघडली आणि एकही चिठ्ठी न उलटता सगळ्या धाकटीच्या चौकटीत टाचल्या!

"काका! स्वतःचं कौतुकसुद्धा हिला देऊन टाकलंत?"

काका ओशाळले. "अगं, सगळं फ्रेंच! वाचतंय कोण? हिची चौकट सगळ्यांत खाली. वरच्यांसाठी स्टुलावर चढावं लागतं. पहिल्या दिवशी चढलो, पण गुडघे माझे दुखतात, बाईंचे नाही!"

बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. बाकीच्यांच्या एक-दोन, लंबूच्या चार, धाकटीच्या पाच, थोरलीच्या सहा!

थोरली उडी मारणार, तोच सहाव्या चिठ्ठीचं अक्षर तिने ओळखलं. धाकटीचं! 'ज स्वी फ्येर द त्वा, ताई.' मला तुझा अभिमान वाटतो.

आणि आपण धाकटीला किती लिहिल्या? एकही नाही.

थोरलीने पेन तीनदा उचललं आणि तीनदा ठेवलं. शेवटी म्हणाली, "बाई, माझी एक राहिलीय." चिठ्ठीवर फक्त 'ब्राव्हो' लिहिलं. त्याहून जास्त काही हातून उमटेना. तेवढ्यानेच बरोबरी झाली.

शनिवारी दोघींनी अर्धं-अर्धं भाषण केलं. टाळ्या थांबेनात. "चूक शोधलीत आणि कौतुकही वाटून घेतलंत!" बाई म्हणाल्या. "अभिमान वाटतो मला!"

हे म्हणताना बाई जास्त वेळ कोणाकडे बघत होत्या, यावर थोरलीने मात्र बारीक लक्ष ठेवलं होतं.