आतून न उघडणारं दार

"अहो, हँडल आहे ते, शत्रू नाही!"

मी दचकून मान वर केली. गाडीच्या दारात एक अनोळखी माणूस वाकून माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ओठांवर... हसूच होतं ते.

"शत्रूच आहे," मी म्हटलं. "पाऊण तास झाला, हलायला तयार नाही."

बाबांच्या मागे सीटकव्हरचं दुकान मीच चालवते. पण ही गाडी साठ वर्षांची, दोनच दारांची. दारांचं जुनं अस्तर बदलायचं तर आधी आतली हँडलं काढायला हवीत, आणि ती कुठून निघतात हेच कळेना. एखादं तुटलं तर तसलं दुसरं आणायचं कुठून?

"जुनं कापड आहे?"

मी चिंधी दिली. त्याने ती हँडलमागच्या फटीत सरकवली आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी मागे-पुढे ओढली. टिंग! घोड्याच्या नालेच्या आकाराची इवलीशी क्लिप उडाली आणि हँडल अलगद त्याच्या हातात आलं.

"क्लिप कुठे गेली?"

"हलू नका..." तो हळूच म्हणाला आणि त्याने ती माझ्या केसांतून काढली. एवढ्याशा क्लिपला इतका वेळ लागतो?

तो गाड्यांची घड्याळं दुरुस्त करायचा. याच गाडीच्या डॅशबोर्डातलं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून मालकिणीने त्याला माझ्या शेडमध्ये पाठवलं होतं.

प्रत्येक दाराला दोन हँडलं — एक दार उघडायचं, एक काच फिरवायचं. युक्ती कळल्यावर चारही तासाभरात निघाली असती. मी रोज एकच काढायचं ठरवलं. त्याचं घड्याळही, का कोण जाणे, रोज नव्याने अडत होतं.

तिसऱ्या दिवशी मालकीण आल्या. वकीलबाई. कडक इस्त्रीचे कपडे आणि मोकळं, खळाळतं हसू.

"अरे, किती वाळलास तू!" त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. दोघं कॉलेजात एकाच वर्गात होते म्हणे. मग त्यांनी मनगट पुढे केलं. "हेही मागे पडतंय बघ."

त्याने मनगट हातात धरून घड्याळ निरखलं. काढून बघता आलं नसतं?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या गेल्यावर मी विचारलं, "आहे ना ठीक, तुमच्या मैत्रिणीचं घड्याळ?"

"एकदम. का?"

"नाही, नाडीसुद्धा बघितलीस म्हणून विचारलं."

"बघितलीस?" त्याच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा म्हण ना."

"काम करा तुमचं!" मी तोंड फिरवलं. कान मात्र तापले होते.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं हँडल निघालं. तो गाडीत बसून घड्याळ जोडत होता. वकीलबाई आल्या आणि थेट त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. पाऊस तिरपा झाला, शिंतोडे आत येऊ लागले, तशी दोघांनी आपापली दारं ओढून घेतली. खट्... खट्.

माझ्या एकदम लक्षात आलं — आता आतून उघडायला काही उरलंच नव्हतं. काचाही पूर्ण वर होत्या.

काचेपलीकडे त्या काहीतरी सांगत होत्या. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याचे ओठ हलले, बराच वेळ. इतकं काय बोलायचं असतं?

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. मी उठले... आणि परत बसले. शिलाई मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. एक शिवण घातली. दुसरी घातली. टकटक थांबली.

मी चोरून बघितलं. वकीलबाई पलीकडच्या काचेकडे तोंड करून बसल्या होत्या. खांदे हलत होते. त्या हसत नव्हत्या.

मी धावत जाऊन दार उघडलं.

"किती वेळ लावलास गं!" त्यांचे डोळे लाल होते. "नकार ऐकल्यावर माणसाला निदान उठून जाता तरी यायला हवं."

"नकार...?"

"विचारून टाकलं मी आज. म्हणतो, मन दुसरीकडे गुंतलंय." त्यांनी मला क्षणभर न्याहाळलं, कशीबशी हसल्या. "अस्तर चांगलं बसव हं." आणि छत्री न उघडताच निघून गेल्या.

तो गाडीतच होता. मी दाराशी उभी राहिले, बोटं एकमेकांत गुंतवत.

"मला ऐकू येत होतं," मी म्हटलं. "टकटक. मी मुद्दाम उघडलं नाही."

तो हसला नाही. "वाईट केलंस. तिच्यासाठी तरी उघडायचं होतंस."

"उद्या त्यांच्याकडे जाऊन माफी मागते."

"माग." मग मऊ आवाजात — "पण का नाही उघडलंस?"

सांगू नये असं वाटत होतं. आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"कारण त्या तुझ्या शेजारी बसल्या होत्या... आणि तिथे मला बसायचं होतं."

वकीलबाई उठल्यावर शेजारच्या सीटवर टाकलेली हत्यारं त्याने एकेक करून उचलली आणि आपल्या पायाशी ठेवली.

"मग बस ना," तो म्हणाला. "मी तिला तुझंच सांगत होतो."

मी बसले. त्याने हात पुढे केला, मी तो धरला. दार मात्र सताड उघडं ठेवलं. पाऊस खुशाल आत येत राहिला.