सात नंबरच्या न्हाणीत

दिवा राहू दे, विझवू नकोस. सांगते.

त्या गावात आम्ही दोघी पोहोचलो ते केवळ चिमणीच्या टाचेमुळे. चिमणी म्हणजे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अंगापिंडाने चांगली दणकट, पण आवाज बारीक, म्हणून नाव पडलं ते पडलंच. पाठीवर पिशव्या अडकवून बारा दिवस आम्ही डोंगर तुडवत होतो. तेराव्या दिवशी सकाळी तिच्या टाचेचा फोड फुटला आणि तिने रस्त्यातच बैठक मारली.

"आता मला उचलून ने, नाहीतर इथेच पुरून टाक."

शेवटी एका दूधगाडीवाल्याने आम्हाला खालच्या गावात सोडलं. नकाशात त्या गावाचं नुसतं टिंब होतं. कधीकाळी तिथे हवापालटाला माणसं येत असणार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खिडक्यांची हॉटेलं होती, सगळी बंद. गटारातून कोमट पाणी वाहत होतं आणि नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा गंधकाचा वास हवेत भरून राहिला होता. दुपारचा एक वाजलेला. बस पाचची.

औषधांच्या दुकानातली बाई चिमणीची टाच बघून म्हणाली, "स्नानगृहातल्या गंधकाच्या पाण्यात बुडवा. इथे दुसरं औषध कुणी घेत नाही."

स्नानगृह रस्त्याच्या टोकाला होतं. आत लांबलचक बोळ, एका बाजूला लाकडी दारं, दारांवर पितळी आकडे. चाव्या सांभाळणाऱ्या मावशींनी आम्हाला टॉवेल दिले. सहा नंबर चिमणीला आणि सात मला. बाकीच्या न्हाण्यांचे नळ गंजलेले. माझ्या हातावर चावी ठेवताना त्या जरा घुटमळल्या.

"तुमचं कुणी गेलंय का हो? अगदी जवळचं?"

"थोरली बहीण. अकरा वर्षं झाली."

"मग अर्ध्या तासाच्या वर बसू नका. आणि आतून कडी लावू नका."

मी मान डोलावली, आत गेले आणि सवयीने कडी लावली.

तीन पायऱ्या उतरून खाली दगडी कुंड. पाणी दुधट, तळ दिसत नव्हता. धुरकट काचेतून ऊन येत होतं, तेही वाफेत विरघळून जात होतं. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसले. बारा दिवसांचा शीण पायांतून हळूहळू निघून गेला. नळाची संथ धार तेवढी ऐकू येत होती. पलीकडे चिमणी काहीतरी गुणगुणत होती, मग तेही थांबलं.

लहानपणी मला न्हाऊ घालायचं काम ताईचं होतं. आई नोकरीला जायची. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पुढे ती सासरी गेली, मी माझ्या कामात बुडाले. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, "ये ना गं दोन दिवस." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. पुढच्या महिन्यात गेले खरी, पण तोवर तिच्या फोटोला हार घातला होता.

मी हाच विचार करत होते, की नुसतीच पेंगत होते, कुणास ठाऊक. मागून डोक्यावर हात आला.

"मान खाली घाल. डोळे मीट, झोंबेल."

मी मान खाली घातली. घाबरले नाही. तुला खोटं वाटेल, पण अजिबात घाबरले नाही. केसांच्या मुळांशी बोटं फिरू लागली. कानामागे नखाने हलकेच खरवडायची तिची सवय... तीच.

"किती गुंता करून ठेवलायस."

"ताई... मी येणार होते गं. खरंच येणार होते."

"माहितीये मला."

"रागावलीस?"

ती हसली. तांब्याने पाणी ओतलं. कुंडाजवळ तांब्या नव्हता...

"आता आलीच आहेस, तर थांबतेस का थोडी?"

पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं. मग ओठांना. मी म्हटलं, "हो."

तेवढ्यात दार कडाडलं. चिमणीने खांद्याने कडी उखडली होती. तिने मला काखेत धरून उपसून काढलं, बोळातल्या बाकावर बसवलं, टॉवेलात गुंडाळलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. मला वाटलं होतं, जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. अकरा वर्षांत तशी रडले नव्हते.

बस सुटली तरी चिमणी मागे वळून बघत राहिली. गाव मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली,

"मी दर थोड्या वेळाने दार वाजवत होते. तू म्हणायचीस, 'आले, दोनच मिनिटं.'"

"मला नाही आठवत."

"ते जाऊ दे. तू बाकावर रडत होतीस ना... माझ्या खांद्यावर?"

"हो."

"तेव्हासुद्धा आतून तुझा आवाज येत होता." तिने माझा हात घट्ट धरला. "हसत होतीस. कुणाला तरी म्हणत होतीस, हळू घास ना गं..."

"तू आत पाहिलंस?"

"मावशींनी दार ओढून घेतलं. तुझ्याकडे बोट करून म्हणाल्या, 'ह्यांना तरी घेऊन जा.'"

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला ताईचा आवाज आठवत नाही. तिचे शब्द आठवतात, आत्ता तुला सांगितले ना? पण आवाज नाही. रात्र रात्र तिचा फोटो समोर घेऊन बसते, काही उपयोग होत नाही.

गेल्या महिन्यात अगदीच राहवेना, तेव्हा खटपट करून स्नानगृहाचा नंबर मिळवला. फोन मावशींनीच उचलला. मी नाव सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "सात नंबर मिळेल का?"

त्यांच्या मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"नाही हो, बाई," त्या म्हणाल्या. "आतल्या दोघी अजून निघाल्या नाहीत."